शेपटीतले अकरा किलो

शेजारच्या गॅरेजातून पंख बाहेर आला त्या सकाळी मी अंगणात चादरी वाळत घालत होते. पंख विमानाचा होता. आला, आला, येतच राहिला, आणि त्याच्या पार दुसऱ्या टोकाला आमचे लिफ्टवाले दिसले. म्हणाले, "शेजारीणबाई, तेवढी ओली चादर बाजूला घ्या. कापडाला थेंब नको."

माझ्या तोंडातला चिमटा खाली पडला. नऊ वर्षं मी या माणसाच्या भिंतीला भिंत लावून राहतेय. त्यांच्याकडे कोण आलं, किती वेळ बसलं, वहिनींचं दूध आठवड्यातून किती वेळा उतू गेलं, सगळं मला तोंडपाठ. आणि त्याच भिंतीपलीकडे सहा वर्षं विमान तयार होत होतं, ते मला ठाऊक नाही! मी आपली समजत होते, कपाट करताहेत. "एवढं मोठं कपाट कोणासाठी हो भाऊ?" असं एकदा विचारलंही होतं. "माझ्यासाठीच," म्हणाले. आता त्याला खोटं तरी कसं म्हणायचं? आत एकच माणूस मावत होता.

लिफ्टवाले म्हणजे छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेला गृहस्थ. उंच, काटकुळा, मान कायम जराशी मागे कललेली. अर्धं आयुष्य लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत उभं राहून वरच्या तारा न्याहाळण्यात गेलं, त्याचा हा प्रसाद. बोलणं असं, की शब्दागणिक दात दुखत असावेत. फाटकात भेटले तर "बरंय?" आणि आपण "बरंय" म्हणेपर्यंत पसार. त्यांच्या देखभालीखालची एकही लिफ्ट कधी पडली नाही, हेसुद्धा ते सांगत नसत. वहिनी सांगत. दिवसातून दोनदा.

वहिनी पडदे शिवतात. पडदे, गाद्यांच्या खोळी, सोफ्याची कव्हरं. पुढच्या खोलीत त्यांचं काळं दणकट मशीन आहे, ते सुरू झालं की आमच्या मांडणीतले पेले थरथरतात. विमान लाकडाचं आणि वरून ताणून बसवलेल्या कापडाचं, तेव्हा कापडाचं सगळं काम वहिनींनी केलं. पंखांवरची शिवण, सीटची गादी, विमान झाकायची खोळ. घरात कायदाच होता: लाकूड-लोखंड त्यांचं, कापड यांचं. लिफ्टवाले जगातल्या प्रत्येक वस्तूवर संशय घ्यायचे. बायकोच्या शिवणीवर घेत नसत. वहिनींना या गोष्टीचा इतका अभिमान, की मी एकदा "अहो, पण तपासत नाहीत म्हणजे काय?" म्हटलं तर चार दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या.

बाकी तपासणी म्हणाल तर मी थक्क. रविवारी पंख काढलेलं विमान गाडीमागच्या ट्रेलरवर बांधून गावाबाहेरच्या हौशी मंडळींच्या धावपट्टीवर न्यायचं, तिथं पंख जोडायचे, अर्धा तास उडायचं आणि पुन्हा पंख काढून घरी. त्या अर्ध्या तासासाठी दोन तास तपासणी! काढलेल्या प्रत्येक खिळीला लाल फीत. फिती एकूण चौदा. पंख जोडून झाले की चौदाच्या चौदा फिती बरणीत परत आल्या पाहिजेत. एकदा तेराच भरल्या. सगळं विमान पुन्हा उकललं. फीत निघाली त्यांच्याच शर्टाच्या खिशात. त्या दिवसापासून त्यांनी खिसा नसलेले शर्ट शिवून घेतले. आमचे हे म्हणाले, "हा माणूस आंघोळीनंतर साबण मोजत असेल."

एवढी काळजी घेऊनही वहिनींच्या जिवाला चैन नव्हती. विमान वर गेलं की त्या धावपट्टीच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या, आणि ते दिसेनासं झालं की माझा हात धरायच्या. धरायच्या म्हणजे, माझ्या बांगड्या वाकायच्या. "अगं, कुठंतरी रानात उतरावं लागलं तर? पाणी नाही, बत्ती नाही. यांना सांगितलं तर म्हणतात, वजन वाढतं. एका बाटलीनं काय मेलं वजन वाढणार?"

"तेच तर," मी म्हटलं. माझं ज्ञान तेवढंच.

सीटच्या मागे शेपटीपर्यंत लाकडी सापळ्याचा पोकळ बोगदा होता. विमानाची पातळ खोळ घडी करून ठेवायला वहिनींनी तिथं एक लांब पिशवी शिवून टांगली होती, मोठ्या मोज्यासारखी. तोंड सीटमागे, टाच पार आत. लिफ्टवाले दोरी ओढून खोळ बाहेर काढत, दांडीनं परत आत सरकवत. पिशवीला आतून अस्तर होतं. एका शनिवारी भाऊ बाजारात गेले असताना वहिनींनी त्या अस्तराची टाचेकडची शिवण उसवली, पाण्याची एक बाटली आत सारली आणि वरून अशी शिवली, की मशीनलाही कळू नये. मी टॉर्च धरून उभी होते. खरं सांगते, मजा वाटली. नवऱ्याच्या विमानात चोरून सामान भरणाऱ्या बायका जगात किती असतील?

एका बाटलीवर भागलं असतं तर मी हे लिहीत बसले नसते. पण काळजीचं पोट भरत नाही. पंधरा दिवसांनी शिट्टी गेली. मग औषधांचा डबा. मग दोरखंड. दर वेळी वहिनी म्हणायच्या, "आता हे शेवटचं," आणि दर वेळी मी टॉर्च धरायची.

सव्वा वर्षात लिफ्टवाल्यांचा चेहरा बदलत गेला. एका रविवारी उतरल्यावर ते विमानाभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाले, "नाक वर करतंय."

"कोण?" मी विचारलं.

"विमान. आपोआप. दांडा पुढे रेटून धरावा लागतो."

"लाडावलंय," मी म्हटलं. ते हसले नाहीत. ते तसेही हसत नसत, पण त्या दिवशीचं न हसणं वेगळं होतं.

मग सुरू झालं त्यांचं औषधपाणी. नियम असा, की एका वेळी एकच बदल; बदल केला की नोंदवहीत लिहायचा, उडवून बघायचा, मगच दुसरा. आधी दांड्याची स्प्रिंग बदलली. फरक पडला, महिनाभरच. मग शेपटीच्या आडव्या फळीखाली पातळ पट्टी सारून तिचा कोन बदलला. पुन्हा बरं वाटलं, पुन्हा बिघडलं. माणूस झुरायला लागला. जेवताना ताटावर बोटानं विमान काढायचा. वहिनी मला भिंतीवरून सांगायच्या, "रात्रभर कूस बदलतात गं. म्हणतात, कुठंतरी माझीच चूक आहे आणि ती मला दिसत नाही." आणि काळजीनं हैराण होऊन त्यांनी त्याच शनिवारी अस्तरात जाड घोंगडी भरली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. फक्त इथं औषध देणाराही घरचा आणि रोग लावणाराही घरचा.

शेवटी लिफ्टवाल्यांनी मोठा बदल काढला. सीटमागची बॅटरी उचलून पुढे, इंजिनापाशी न्यायची. नाक जड झालं की शेपटी गप्प बसेल. तीन आठवडे खपून नवी बैठक केली, जाड वायरी ओढल्या, कागदावर हिशेब मांडला. येत्या रविवारी उड्डाण.

पण असा बदल केला की हौशी मंडळींच्या तपासनीसाची सही लागते. हे तपासनीस म्हणजे एक ठेंगणे, गोल, निवृत्त मास्तर. स्वतः चार विमानं बांधलेले. त्यांना आम्ही 'सहीवाले' म्हणायचो, कारण ते सही करायला भयंकर टाळाटाळ करायचे. शुक्रवारी सकाळी गॅरेजात आले, हिशेबाचा कागद वाचला, घडी केली आणि लिफ्टवाल्यांच्या हातात परत दिला.

"कागद छान आहे. आता विमान तोला."

"बॅटरीचं वजन तेवढंच आहे, फक्त जागा बदललीय. आकडे सरळ आहेत."

"माझ्या बायकोच्या मते माझं वजनही सरळ आहे," सहीवाले पोटावर हात ठेवून म्हणाले. "काटा काय सांगतो ते बघू."

गोदामवाल्याकडून तीन काटे आले. दोन चाकांखाली दोन, तिसरा शेपटीखाली लाकडी घोडीवर, म्हणजे विमान उडताना असतं तसं आडवं राहील. वाऱ्यानं पंख उचलून आकडा चुकू नये म्हणून दारं बंद केली. शेपटी उचलायला आमच्या ह्यांना बोलावलं होतं, आणि मी आगंतुक. वहिनी चहाचा ट्रे घेऊन कोपऱ्यात.

सहीवाल्यांनी आकडे वाचले. लिफ्टवाल्यांनी बेरीज केली. पुन्हा केली. मग त्यांचा पेन्सिल धरलेला हात नुसताच कागदावर राहिला.

"किती यायला हवं होतं?" सहीवाल्यांनी विचारलं.

"दोनशे सत्याऐंशी."

"आणि?"

"दोनशे अठ्ठ्याण्णव."

"शेपटीवर?"

"चौदा हवे होते. वीस आहेत." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "अकरा किलो. अकरा किलो कुठून आले?"

मी वहिनींकडे बघितलं. त्या ट्रेकडे बघत होत्या.

काटे बदलून पाहिले. डाव्याचा उजवीकडे, उजव्याचा मागे. आमच्या ह्यांना तिन्ही काट्यांवर उभं केलं. तिन्हींनी त्यांची सारखीच बेइज्जती केली. काटे बरोबर होते. पुन्हा दोनशे अठ्ठ्याण्णव.

"अकरा किलोनं एवढं काय बिघडतं हो?" मी सहीवाल्यांना विचारलं.

ते शांतपणे म्हणाले, "पुढे असते अकरा किलो तर नुसतं जड उडालं असतं. मागे आहेत. शेपटी जड झाली की नाक वर जातं. नाक वर गेलं की वेग मरतो. वेग मेला की पंख हवा सोडतो आणि विमान गरगरत खाली यायला लागतं. एरवी दांडा पुढे रेटला की सावरतं. शेपटी फार जड असली तर दांडा कितीही रेटा, ते ऐकत नाही."

"मग?"

"मग काही नाही," सहीवाले म्हणाले.

मी टॉर्च धरला होता. सव्वा वर्ष मी टॉर्च धरला होता, आणि मला मजा वाटली होती.

लिफ्टवाले मात्र वेगळ्याच दिशेनं निघाले होते. "लाकूड पाणी प्यायलं असणार," ते म्हणाले. "शेपटीतल्या एखाद्या सांध्यात पाणी शिरलं असेल. कापड उघडल्याशिवाय दिसायचं नाही." आणि त्यांनी टेबलावरचं पातं उचललं. दोन उन्हाळे खपून ताणलेलं, रंगवलेलं, आरशासारखं कापड. पात्याचं टोक त्याच्यावर टेकलं.

"कापू नका," वहिनी म्हणाल्या.

"अगं, इलाज नाही."

"कापू नका म्हणते ना." त्यांनी ट्रे खाली ठेवला, पदराला पुसलेला हात पुढे करून नवऱ्याच्या बोटांतून पातं काढून घेतलं. "ते कापड चांगलं आहे. मी उसवते."

त्या सीटवर गुडघे टेकून वाकल्या, पिशवीच्या गाठी सोडल्या आणि ती अख्खी ओढून बाहेर काढली. जमिनीवर पडली तेव्हा धप्प आवाज झाला. कापडाच्या पिशवीचा असा आवाज होत नाही. सगळे आवाजाकडे बघत राहिले. वहिनी जमिनीवर बसल्या आणि टाका टाका उसवत गेल्या.

पाण्याच्या धातूच्या दोन बाटल्या. दोरखंड. औषधांचा डबा. टॉर्च आणि त्याचे जादा सेल. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. घोंगडी. शिट्टी. हलवून दाखवायला लाल फडकं. कात्री. जुने बूट. छत्री. हो, छत्री! आणि सर्वांत शेवटी, पार टाचेतून, एक जाडजूड हातोडी.

"ही माझी हातोडी!" आमचे हे ओरडले. "वर्षभर शोधतोय मी ही! तू म्हणालीस, भंगारवाल्यानं नेली!"

"मी दिली वहिनींना," मी म्हटलं. "घ्या, आता फाशी द्या."

कोणीच हसलं नाही. लिफ्टवाले सामानाकडे बघतच नव्हते. त्यांनी रिकामी पिशवी उचलून उजेडात धरली. खालच्या बाजूला, हातोडीचं डोकं होतं तिथं, कापडावर एक काळा, झिजलेला पट्टा होता, वीतभर. धागे उघडे पडले होते. शेपटीची तार तिथून जाते. तार दर रविवारी ते आरसा घालून बघत होते. तारेला टेकलेलं कापड बघत नव्हते, कारण कापड वहिनींचं.

"हे फाटलं असतं तर हातोडी तारेत अडकली असती," सहीवाले म्हणाले.

लिफ्टवाले स्टुलावर बसले. मी घाबरले होते, आता हा माणूस नऊ वर्षांचा न केलेला आरडाओरडा एकदम करणार. त्यांनी नोंदवही मागितली. "काय कधी घातलं, आठवतं?" वहिनींना सगळं आठवत होतं, तारखांसकट. त्या सांगत गेल्या, ते एकेक वस्तू काट्यावर ठेवून लिहीत गेले. दर उड्डाणापुढे नवा आकडा. घोंगडीपर्यंत आले आणि थांबले.

"शेवटची तीन उड्डाणं तोलाच्या मर्यादेच्या बाहेर," ते म्हणाले. "शेवटच्या वेळी पुढची टाकी अर्धी रिकामी होती. तोल मर्यादेच्या चार बोटं मागे."

वहिनींनी तोंडावर हात घेतला. "मी तुम्हाला मारलं असतं," त्या म्हणाल्या. "मी माझ्या हातानं."

लिफ्टवाल्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि सहीवाल्यांपुढे सरकवलं. मी मान लांब करून वाचलंच: 'जादा वजन, अकरा किलो. कारण: पिशवीची शिवण सव्वा वर्षात एकदाही तपासली नाही. चूक माझी.'

"तुमची कशी?" वहिनी एकदम उसळल्या. "भरलं मी! शिवलं मी! माझं नाव लिहा!"

"विमान माझं आहे. तपासणं माझं काम."

"म्हणजे मी कोणीच नाही? चूक करायचासुद्धा मला हक्क नाही का या घरात?"

"अगं, वहीत सही माझी असते..."

"मग माझी पण घ्या!"

मी आयुष्यात पुष्कळ नवरा-बायको भांडताना पाहिले. 'चूक तुझी' म्हणून भांडतात सगळे. 'चूक माझी' म्हणून वही ओढताना ही दोघंच पाहिली. सहीवाल्यांनी शेवटी दोघांच्या सह्या घेतल्या आणि स्वतःची काही केली नाही. "बॅटरी मागे न्या जागेवर," ते म्हणाले. "स्प्रिंग जुनी बसवा. ती पट्टी काढा. जो रोगच नव्हता त्याची तीन औषधं विमानाच्या पोटात आहेत. एकेक काढा, आणि मग पुन्हा तोलू."

त्या रविवारी उड्डाण झालं नाही. त्यापुढच्याही नाही. लिफ्टवाले बदल एकेक करून उलटे फिरवत होते, आणि वहिनींचं मशीन बंद. माझ्या मांडणीतले पेले आठवडाभर थरथरले नाहीत, तर मलाच करमेना. वहिनी म्हणाल्या, "हात लागत नाही गं कापडाला. टाका घालताना वाटतं, आत काय आहे?"

तिसऱ्या आठवड्यात मी साखर मागायच्या निमित्तानं गेले. (साखर होती घरात.) पुढच्या खोलीत ते सगळं सामान जमिनीवर मांडलं होतं आणि लिफ्टवाले समोर मांडी घालून. शेजारी स्वयंपाकघरातला काटा आणि प्लायवूडची एक छोटी पेटी.

"ही सीटखाली बसते, बरोबर तोलाच्या जागी," ते वहिनींना सांगत होते. "अडीच किलो चालतील. त्यात काय घालायचं ते तू ठरव."

वहिनींनी बघितलंही नाही. "काही नको."

"हातोडी कशासाठी होती?"

"जाऊ दे."

"सांग तरी."

"ते वरचं काचेचं झाकण," वहिनी खाली बघत म्हणाल्या. "उतरताना काही वाकलं आणि ते अडकलं, तर आतून फोडायला. मूर्खपणा. मला काय कळतं."

लिफ्टवाल्यांनी पेटी बाजूला सरकवली.

"अडकलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"झाकण. मागच्या थंडीत. इंजिन खोकायला लागलं म्हणून एका माळावर उतरलो. एक चाक खड्ड्यात गेलं, कडी वाकली. आत पेट्रोलचा वास येत होता. पंचवीस मिनिटं. मग रस्त्यावरून जाणाऱ्या एका टँकरवाल्यानं बाहेरून उचकटलं."

माझ्या हातात रिकामी वाटी होती. मी ती हळूच टीपॉयवर ठेवली. वहिनी नवऱ्याकडे बघत होत्या, जणू घरात कोणी परका माणूस येऊन बसलाय.

"तुम्ही म्हणालात, वारा होता. म्हणून उशीर झाला."

"हो."

"वहीत?"

"कडी बदलली, असं लिहिलंय."

"का बदलली, ते?"

"नाही लिहिलं."

"हातोडी तुमच्या पाठीमागे होती," वहिनी म्हणाल्या. "तेव्हा होती ती आत. मी शिवून ठेवली होती. तुम्ही पंचवीस मिनिटं पेट्रोलच्या वासात बसलात, आणि हातोडी तुमच्या पाठीमागे शिवलेली होती."

दोघंही एकमेकांकडे असे बघायला लागले, की मला साखरेची आठवण राहिली नाही. मी उठून घरी आले. आमच्या ह्यांना सांगितलं, तर त्यांनीही टीव्ही बंद केला. आमच्या घरात हे मॅच चालू असताना पहिल्यांदा घडलं.

चार दिवस भिंतीपलीकडून एक शब्द नाही. पाचव्या दिवशी मशीन सुरू झालं.

त्यापुढच्या रविवारी विमान धावपट्टीवर होतं. काट्यानं दोनशे सत्याऐंशी दाखवले होते, अधिक अडीच किलोची पेटी. पेटीत हातोडी, पाण्याची छोटी बाटली आणि शिट्टी. सहीवाल्यांनी सही केली होती, तीही न कुरकुरता. नवी पिशवी बिनअस्तराची. वारा नाही, आकाश लख्ख. आमचे हे थर्मास घेऊन आले होते. सगळं जमून आलं होतं.

लिफ्टवाले आत बसायच्या आधी वहिनींनी नोंदवही उघडली. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात नवी ओळ होती, इंजिन, तेल, तारा यांच्याही वर: 'एकमेकांना न सांगितलेलं काय आहे?'

"आधी मी," वहिनी म्हणाल्या. "कापडात काही नाही. बघा."

लिफ्टवाल्यांनी पिशवीत खांद्यापर्यंत हात घातला. टाचेपासून तोंडापर्यंत एकेक शिवण बोटांनी चाचपली. पहिल्यांदाच. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. वहिनी ताठ उभ्या होत्या, पण नाक लाल झालं होतं. संसाराच्या तेवीस वर्षांत ज्या शिवणीला कोणी बोट लावलं नव्हतं, ती कोणीतरी तपासत होतं, आणि त्यांनीच तपासायला लावली होती.

"आता तुम्ही."

"काही नाही," ते म्हणाले. एक पाय आत टाकला. मग तो बाहेर काढला.

"काय?"

"मागच्या वेळी उतरताना डाव्या चाकातून बारीक आवाज आला होता. कर्र असा. एकदाच. नंतर नाही आला."

"वहीत आहे?"

"नाही."

सहीवाले म्हणाले, "चाक फिरवून पाहिलंय मी. ठीक आहे."

वहिनींनी वही मिटली. "मग आज नाही."

मी लिफ्टवाल्यांकडे बघितलं. सात आठवडे हा माणूस जमिनीवर होता. डोक्यावर असं आकाश. तपासनीसाची सही खिशात. म्हणजे, खिसा नव्हता, हातात. मला वाटलं, आता तरी चिडेल. त्यांनी हेल्मेट काढलं, सीटवर ठेवलं आणि बरणीतून पहिली लाल फीत उचलली.

"धरा हो पंख," ते आमच्या ह्यांना म्हणाले.

आम्ही आ वासून बघत राहिलो. चौदा फिती बांधल्या, पंख उतरवले, विमान घरी. दुपारभर गॅरेजात डावं चाक सुटं होऊन पडलं होतं. बेअरिंग, आस, ब्रेक, सगळं. वहिनी टॉर्च धरून उभ्या. मला हात लावू दिला नाही. एकेक तुकडा पुसून उजेडात धरायचा, मग त्यांच्या हातात द्यायचा, मग त्यांनी बोट फिरवायचं. सूर्य खाली गेला तेव्हा मी भिंतीवरून विचारलं, "काय सापडलं हो?"

"काही नाही," दोघंही एकदम म्हणाली. आणि लिफ्टवाले हसले. मोठ्यानं, मान मागे टाकून, दात दाखवून हसले. नऊ वर्षांत मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. एवढा माणूस मोजूनमापून जगला, आणि हसायला त्याला चाकात काही न सापडणंच सापडलं.